मागच्या तारखेची एन्ट्री

बी.कॉम. झालेल्या माणसाने समीक्षा लिहू नये, असा मराठीत एक अलिखित संकेत आहे. समीक्षक व्हायचं तर माणूस एम.ए. तरी पाहिजे, नाहीतर निदान निवांत तरी. मी दोन्ही नाही. मी शिंदखेड्यात एका बँकेत क्लार्क आहे आणि माझं आजवरचं सगळं टीकालेखन 'सही जुळत नाही' आणि 'अक्षरी व अंकी रकमेत फरक' या दोन शेऱ्यांत मावलेलं आहे. तरी आज मी एका मालिकेवर लिहायला बसलो आहे. मालिका क्रिकेटची असली, तरी तिच्यात मला जी गफलत दिसली ती हिशेबाची आहे, आणि हिशेबाची गफलत दिसल्यावर गप्प बसायचा पगार मला मिळत नाही.

मालिकेचं नाव 'बंदों में था दम'. चार भाग, दिग्दर्शक नीरज पांडे. जून २०२२ मध्ये ती 'वूट' नावाच्या ॲपवर आली. ते ॲप पुढे दुसऱ्या ॲपात विलीन झालं. विलीनीकरण म्हणजे काय, हे आम्हां बँकवाल्यांना कुणी सांगायला नको. एप्रिल २०१९ मध्ये देना बँक आणि विजया बँक अशाच बँक ऑफ बडोद्यात गेल्या. पासबुकाचा रंग बदलतो, आतली शिल्लक मात्र होती तेवढीच राहते. असो.

मालिका आली ते दिवस पेरणीचे. पीककर्जासाठी सकाळी दहापासून काउंटरवर सातबारा, आठ-अ आणि माणसं यांचा ढीग. रात्री घरी आल्यावर चिरंजीवांनी मोबाईल टीव्हीला जोडला, सौ. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या, आई खाटेवर आडवी झाली आणि आमचा रसास्वाद सुरू झाला.

ज्यांना क्रिकेटमधलं कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे प्रामुख्याने आमच्या साहेबांसाठी, गोष्ट थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये आपला संघ ऑस्ट्रेलियात चार कसोट्या खेळायला गेला. पहिली ॲडलेडला. तिथे १९ डिसेंबरला दुसऱ्या डावात आपण छत्तीस धावांत आटोपलो. १९७४ साली लॉर्ड्सवर बेचाळीस झाल्या होत्या, तो आपला जुना नीचांक. घरातल्या जुन्या भांड्यासारखा शेहेचाळीस वर्षं जपलेला, तोही गेला. एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. धावफलक ओळीने लिहिला तर होतो ४९२०४०८४०४१. आमच्या हेड कॅशियरने दुसऱ्या कामाच्या दिवशी तो आकडा कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "अकरा आकडी आहे. खातेनंबर दिसतोय. बघ बरं, डॉर्मंट आहे का?"

खातं डॉर्मंटच होतं. त्यात कर्णधार विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी रजेवर घरी परतला, आणि चार्ज आला अजिंक्य रहाणेकडे. संगमनेर तालुक्यातलं मूळ, डोंबिवलीत वाढलेला, आवाज न चढवणारा माणूस. त्या छत्तीसमध्ये त्याचा स्वतःचा वाटा शून्य होता. पहिल्या डावात कोहली ७४ वर धावबाद झाला, तोही याच्याच हाकेच्या घोळात. म्हणजे साहेब रजेवर गेले ते याच्यामुळे झालेलं नुकसान खात्यावर टाकून, आणि वरून शाखा याच्याच ताब्यात देऊन.

वाचकहो, इथे मी टीव्हीसमोर सरसावून बसलो. कारण आमच्या भाषेत याला 'ऑफिशिएटिंग' म्हणतात. साहेबांच्या खुर्चीत बसायचं, पण खुर्चीचा गिअर आपल्या उंचीला लावून घ्यायचा नाही. साहेबांच्या पेनने सही करायची, पण सहीच्या अलीकडे 'करिता' लिहायचं. चूक झाली तर ती पूर्ण तुमची. बरोबर झालं तर ते शाखेचं.

पुढचं सगळ्या देशाला पाठ आहे. मेलबर्नला रहाणेने ११२ केल्या आणि आपण आठ गडी राखून जिंकलो. सिडनीला हनुमा विहारीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला आणि अश्विनची पाठ धरलेली. तरी दोघांनी मिळून बेचाळीसहून जास्त षटकं खेळून काढली आणि सामना वाचवला. विहारीच्या धावा तेवीस, चेंडू एकशे एकसष्ट. मालिकेचं नाव २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'मधल्या गांधीजींवरच्या गाण्यावरून घेतलेलं दिसतं. वेगवान गोलंदाजांच्या मालिकेला गांधीजींचं गाणं कशाला, असं आधी वाटलं होतं. विहारीला बघून पटलं. समोरून कमिन्स, हेझलवुड, स्टार्क मारताहेत आणि हा उभा आहे, मारत नाही, हलत नाही. याला दुसरं काय म्हणणार? सत्याग्रहच.

शेवटची कसोटी ब्रिस्बेनला, गॅबावर. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया तिथे कसोटी हरलेली नव्हती. आणि आपले बुमरा, अश्विन, जडेजा, शमी, उमेश सगळे जायबंदी. उरलेल्या पाच गोलंदाजांचा कसोटीचा अनुभव मिळून होता चार सामन्यांचा. त्यातल्या नटराजनला तर नेटमध्ये गोलंदाजी करायला म्हणून नेलेलं. म्हणजे दिवाळीच्या गर्दीत पाणी द्यायला ठेवलेल्या पोराला कॅशवर बसवावं तसंच. पालघरहून लोकलने किट वाहत मोठा झालेला शार्दूल ठाकूर आणि पहिलाच सामना खेळणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी सातव्या गड्यासाठी १२३ जोडल्या. १९ जानेवारी २०२१ ला पंतने चौकार मारला, ३२८ चं लक्ष्य तीन गडी राखून पार झालं आणि आमच्या शाखेत एका आजोबांच्या पेन्शनच्या पावतीवर मी दोन वेळा शिक्का मारला.

अशा गोष्टीवर वाईट मालिका काढायची ठरवली तरी निघणार नाही. ही वाईट नाहीच. बघताना अंगावर काटा येतो. खेळाडू, प्रशिक्षक आणि इतर जाणकार मंडळी एकेक करून समोर बसतात आणि त्या दिवसांबद्दल सांगतात. मध्ये मैदानावरची दृश्यं येतात. पार्श्वसंगीताचे ढोल काळजाचा ठोका चुकू नये म्हणून अधूनमधून आठवण देत राहतात. ऑस्ट्रेलियाच्या टिम पेननेही आपली बाजू मांडली आहे. त्याचं म्हणणं साधारण असं की, भारतीय मंडळी बिनमहत्त्वाच्या गोष्टींत तुमचं लक्ष गुंतवण्यात पटाईत आहेत. गॅबावर खेळायला येणार नाही अशा बातम्या आल्या आणि आम्ही त्यात गुंतलो. थकबाकीदाराची बाजूही ऐकून घ्यावी लागते. आमच्याकडेही हप्ता का चुकला याचं कारण शेजारच्या लग्नातल्या बँडपर्यंत जातं.

तरीही तिसऱ्या भागात मला काहीतरी टोचू लागलं. काय, ते कळेना. ते सांगितलं आईने. तिला क्रिकेटमधलं एवढंच कळतं की ते संपल्याशिवाय बातम्या लागत नाहीत. ती खाटेवरून म्हणाली, "आरे भाऊ, ह्या ते जिकेल शेतस. मंग इतला घाबरीसन काब बोली राह्यनात?"

ही माणसं तर जिंकलेली आहेत, मग आता एवढं घाबरून कशाला बोलताहेत? आमच्या आईची अहिराणी पहिल्या धारेची, त्यात पाणी नाही. आणि गफलत माझ्या लक्षात आली. ही 'मागच्या तारखेची एन्ट्री' होती.

बँकेत नियम असा की, ज्या दिवशीचा व्यवहार त्या दिवशीचं व्हाऊचर. संध्याकाळी तेरीज जुळली तर जुळली, नाही जुळली तर रात्री दहापर्यंत बसा. पण काही हुशार माणसं आठ दिवसांनी, सगळं नीट झाल्यावर, सुवाच्य अक्षरात व्हाऊचर लिहितात आणि तारीख टाकतात मागची. रक्कम खरी असते, सही खरी असते. खोटी असते ती फक्त शाई. ती घाबरलेली नसते.

या मालिकेत मला सांगितलं जातं की, छत्तीसच्या रात्री आम्ही असं असं ठरवलं. ठरवलंही असेल. पण सांगणाऱ्याच्या गाठीला गॅबा जमा झालेला आहे. त्याच्या व्याजावर तो ॲडलेडची रात्र सांगतो आहे. त्या रात्री कुणीतरी बॅग भरायला घेतली असेल, कुणी कुणावर खेकसलं असेल, कुणाला वाटलं असेल की आता चार-शून्य. ती शाई कुठे आहे? पुढच्या तीन कसोट्या हरलो असतो तर याच माणसांनी तीच रात्र कशी सांगितली असती? मुळात मालिका तरी निघाली असती का?

ऑस्ट्रेलियावाल्यांनी याच्या उलट केलं. मार्च २०२० मध्ये ॲमेझॉनवर त्यांची 'द टेस्ट' आली, आठ भागांची. मार्च २०१८ मध्ये केपटाऊनला त्यांची माणसं चेंडूला सॅंडपेपर लावताना पकडली गेली. त्यानंतर त्यांनी कॅमेरा सरळ आत घेतला, ड्रेसिंग रूममध्ये. २०१९ ला हेडिंग्लीवर बेन स्टोक्सने हातातला सामना नेला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक जस्टिन लॅंगर कचऱ्याच्या डब्याला लाथ मारतो, आणि ते कॅमेऱ्यात आहे. ती लाथ त्या दिवशीच्या तारखेची आहे. आठ महिन्यांनी खुर्चीत बसून 'मी तेव्हा थोडा निराश होतो' असं त्याने सांगितलं असतं, तर डबा आपल्या जागी राहिला असता आणि प्रेक्षक झोपला असता.

अर्थात, कॅमेरा समोर असला की माणूस खरा वागतो, असंही मी म्हणणार नाही. आमच्या शाखेत सीसीटीव्ही बसला, तेव्हा पहिला आठवडा सगळे जण इन्स्पेक्शन चालू असल्यासारखे ताठ बसत. हेड कॅशियर नोटा मोजताना केस विंचरून येई. दुसऱ्या आठवड्यात तो विसरला. आता त्याच कॅमेऱ्याखाली कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खातो. 'द टेस्ट'चा कॅमेरा वर्षाहून जास्त काळ आत होता. एवढ्या दिवसांत ऑस्ट्रेलियन माणूसही भाकरीवर येत असणार.

आता माझीही एक एन्ट्री तपासली पाहिजे. दुसऱ्याच्या शाखेचं इन्स्पेक्शन करून आपली वही कपाटात ठेवणं बरं दिसत नाही.

७ नोव्हेंबर २०१६, सोमवार. आमच्या त्या वेळच्या साहेबांच्या घरी पाळणा हलला. ते रजा टाकून नाशिकला गेले. ऑफिसरची जागा रिकामी होती, म्हणून चार-आठ दिवसांचा चार्ज माझ्याकडे आला. मंगळवारी रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. बुधवारी बँका बंद. गुरुवारी, १० तारखेला, शटर वर केलं तेव्हा समोर अख्खा तालुका उभा होता. कपाशी नुकतीच विकलेली, घरात पाचशेच्या गड्ड्या, रब्बीची पेरणी डोक्यावर आणि माणशी चार हजार बदलून द्यायचे. दुपारी कॅश संपली. म्हणजे खरोखर संपली. आणि ते बाहेर जाऊन रांगेला सांगायचं होतं.

ही गोष्ट मी गेली अनेक वर्षं लग्नांतून, बारशांतून सांगत आलो आहे. पहिल्या वर्षी माझी रांग बसस्टॅंडपर्यंत होती. हल्ली ती बुराई नदीपर्यंत जाते. आणखी दोन लग्नसराया गेल्या की ती दोंडाईच्याच्या मिरची मार्केटात पोचेल. गोष्टीत मी स्टुलावर उभा राहतो, दोन्ही हात वर करतो, एक वाक्य बोलतो आणि लोक शांत होतात. साहेब परत आल्यावर वरून शाबासकीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की, व्यवस्थापकांच्या मार्गदर्शनाखाली शाखेने उत्तम काम केलं. हे मी सांगतो तेव्हा ऐकणारे हळहळतात, आणि मला जिलबी जास्त वाढली जाते.

रहाणेलाही असंच काहीसं झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मुलाखतीत, कुणाचं नाव न घेता, तो म्हणाला की तिथे निर्णय मी घेतले आणि श्रेय दुसऱ्यांनी घेतलं. त्याच महिन्यात तो संघाबाहेर गेला, पुजाराही गेला. म्हणजे जूनमध्ये आम्ही शेंगा खात 'बंदों में था दम' बघत होतो, तेव्हा त्यातल्या दोन बंद्यांना आधीच वगळून झालेलं होतं. पुजारा जुलैत परतला, रहाणे जून २०२३ मध्ये परतून ८९ करून गेला. हे मालिकेच्या शेवटच्या ढोलात ऐकू येत नाही. विजयाच्या मालिकेला दुसऱ्या दिवशीची सकाळ नसते.

तर मी माझ्यापुरता हिशेब बघायचा ठरवला. आमच्याकडे स्ट्रॉंगरूममध्ये कॅश बॅलन्सची वही अजून हातानेच लिहितात. जुन्या वह्या रेकॉर्डरूममध्ये असतात. परवा दुसरंच काही शोधताना २०१६ ची हाती लागली. १० नोव्हेंबरचं पान काढलं. खाली माझी सही, अलीकडे 'करिता'. वर रकमेच्या आकड्यावर दोन वेळा काट मारून पुन्हा लिहिलेलं, आणि अक्षर असं की, कुणी चेकवर आणलं असतं तर मीच परत केला असता.

ते अक्षर बघितलं आणि सगळं आठवलं. मी स्टुलावर उभा राहिलोच नव्हतो. कॅश संपल्याचं कळल्यावर मी आतल्या बाजूला पाण्याच्या पिंपाजवळ दहा मिनिटं नुसता उभा होतो. गुडघ्यात बळ नव्हतं. आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाखा मामा म्हणते, त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही मांगे ऱ्हा, मी बोलस." तेच आधी बाहेर गेले. रांगेतल्या निम्म्या लोकांना ते नावाने ओळखत होते. कुणाला काका म्हणाले, कुणाला दटावलं, एका म्हातारीला सावलीत बसवलं. मग मी त्यांच्या मागून बाहेर आलो आणि बोललो. काय बोललो ते मला आठवत नाही. गोष्टीत जे वाक्य आहे ते मी नंतर बसवलेलं आहे.

साहेबांनी माझं श्रेय घेतलं म्हणून मी इतकी वर्षं जिलब्या खाल्ल्या, आणि मामांचं श्रेय कुठे गेलं ते माझ्या ढेरीला विचारा. त्या वहीतही मामांचं नाव नाही. शिपायाची सही कॅश बॅलन्सच्या वहीवर घेत नाहीत.

यावरून माझा समीक्षेचा जो काही सिद्धांत आहे तो एवढाच. पडद्यामागची मालिका बघताना, सांगणारा काय सांगतो यापेक्षा त्या दिवशीची शाई कुठे सापडते ते बघावं. 'बंदों में था दम'मध्ये ती सापडते, पण मुलाखतींत कमी आणि मैदानावरच्या जुन्या चित्रणात जास्त. मेलबर्नला जडेजाच्या हाकेवर रहाणे ११२ वर धावबाद झाला. शतकवीर कर्णधार, सहकाऱ्याच्या धावेपायी बाद. त्याने काय केलं? जाता जाता जडेजाजवळ जाऊन त्याला थोपटलं, 'चालू दे' अशी खूण केली आणि गेला. अकरा दिवसांपूर्वीच त्याच्या हाकेवर कोहली बाद झाला होता. धावबाद करणाऱ्याच्या पोटात काय होतं ते त्याला ताजं ठाऊक होतं. सिडनीला राष्ट्रगीताच्या वेळी मोहम्मद सिराजच्या डोळ्यांतून पाणी आलं. हैदराबादला रिक्षा चालवून त्याला वाढवणारे वडील नोव्हेंबरात गेले होते आणि तो ऑस्ट्रेलियातच थांबला होता. हे दोन्ही प्रसंग कुणी मागाहून खुर्चीत बसून लिहिलेले नाहीत. सगळ्या जगाने ते त्याच दिवशी बघितले होते. पडद्यामागचं जे खरं होतं ते पडद्यावर आधीच येऊन गेलं होतं.

मला हवी होती ती आणखी अशी पानं. चषक हातात आल्यावर रहाणेने तो नटराजनच्या हातात दिला. मुंबईत आल्यावर सोसायटीच्या लोकांनी ढोलताशे वाजवून कांगारूचा केक पुढे केला, तेव्हा तो कापायला त्याने नकार दिला. ते त्यांचं राष्ट्रीय चिन्ह आहे, त्यांचा मान राखला पाहिजे म्हणून. आमच्याकडे एखाद्या थकबाकीदाराची वसुली झाली तर त्याच्या नावाचा केक मिळाला असता आणि आम्ही तो कापून, वाटून, बोटं चाटली असती. आणि नेटमध्ये दिवसभर चेंडू फेकणारे, पॅड सुकवणारे, रात्री फिजिओच्या टेबलाशी उभे राहणारे लोक, म्हणजे त्या संघाचे मामा, अशांसाठी मी आणखी चार भाग आनंदाने बघितले असते. शेंगा होत्या घरात.

एवढं लिहून झाल्यावर हा लेख मी मामांना वाचून दाखवला. ते आता निवृत्त आहेत, पण पेन्शनच्या दिवशी येतात आणि काउंटरच्या आतल्या बाजूला बसतात. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "साहेब, म्हातारीले मी सावलीत नही बसाडं. ती तिन्ही तीच बशी गयथी."

मी पेन काढून ती ओळ कापायला घेतली. मग राहू दिली. दुरुस्ती खाली लिहिली आहे, आजच्याच तारखेने.